गुलाब आणि डांबर

आतल्या खोलीतून शिंक आली. एवढीशी, मांजराच्या पिल्लाने द्यावी तशी. पण स्वयंपाकघरात इतका वेळ काहीच वाजत नव्हतं, त्यामुळे ती शिंक भांडं पडल्यासारखी घरभर झाली. आई ओट्याशी गरम पाण्याचा पेला धरून उभी होती. कामाच्या दिवशी सकाळी ती चहा घेत नसे, दात नुसत्या मिठाने घासायची, साबण बिनवासाचा वापरायची. हे सगळं तिच्या धंद्याचं सोवळं. आता त्याचा काही उपयोग उरला नव्हता, पण ते सोडलं असतं तर लोकांच्या ध्यानात आलं असतं. धूळ असेल, तिने स्वतःला सांगितलं, गादी झटकायची राहिलीय. मग दुसरी शिंक आली, ओली, शेवटी नाक वर ओढल्याचा आवाज असलेली. मुलगी शिंकली की आईला काळजी वाटतेच, पण ही ती काळजी नव्हती. तिच्या मनात आधी आलं ते एवढंच, की आज नको. आज सोडून कधीही.

बटण गादीवर उठून बसली होती. हे नाव तिला नाकावरून पडलं होतं. जन्मली तेव्हा चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं, नुसतं शिवून लावल्यासारखं गोल नाक, आणि पहिलीत जायला लागली तरी ते तसंच राहिलं होतं. आज ते लाल झालं होतं. तिने मुलीची एक नाकपुडी अंगठ्याने दाबली. "घे श्वास." दुसरीतून बारीक शिट्टी आली. मग अंगठा बदलला. तिथून काहीच आलं नाही. तिने टोपलीतलं संत्रं आणलं, साल काढून मुलीच्या नाकाखाली चेपली, इतकी जोरात की फवारा डोळ्यांत गेला. "काय येतंय?" "झोंबतंय." "वास गं, वास काय येतोय?" बटणने आधी आईकडे पाहिलं, मग संत्र्याकडे. "संत्रं," ती म्हणाली. "बघून नाही सांगायचं. डोळे मीट." मुलीने डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापण्यांच्या आत बुबुळं इकडून तिकडे फिरताना दिसत राहिली, जणू उत्तर तिथेच कुठेतरी पडलंय.

नवरा खिडकीजवळच्या टेबलाशी कुणाची तरी वरची कवळी घासत बसला होता. तो कवळ्या करायचा, ती एका रेस्टॉरंटात लोकांना कशाबरोबर काय प्यावं ते सांगायची. आमचं दोघांचं पोट दुसऱ्यांच्या तोंडावर, असं तो नव्या माणसाला हमखास ऐकवायचा. "अगं, सर्दी झालीय पोरीला," तो म्हणाला. "शाळा नाहीये तर झोपू दे की. मी बघतो तिच्याकडे." "तुझ्याकडे दातांचा भुसा उडतोय. नाक अजून चोंदेल." "चोंदू दे. तिच्या नाकावर कुणाचं अडलंय?" तो हसत म्हणाला आणि कवळीवर फुंकर मारली. तिनेही हसल्यासारखं केलं. बायकोचं नाक गेलंय एवढं त्याला माहीत होतं, आणि तो अधूनमधून, तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने, सांगून टाक की गं मालकीणबाईंना, असंही म्हणायचा. तिने ते नाक कुठून परत आणलं होतं, ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

गेलं ते बटण पोटात असताना, शेवटच्या दिवसांत. साधा ताप आला, आणि उतरताना वास घेऊन गेला. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले, आणि मग हळूहळू त्यांनी ते म्हणायचंही सोडून दिलं. बाळ घरी आलं तेव्हा सासूबाई त्याच्या टाळूत नाक खुपसून डोळे मिटायच्या, "अगबाई, सोडवत नाही गं," असं म्हणायच्या आणि मग मोठ्या मनाने बाळ तिच्याकडे द्यायच्या. तीही नाक खुपसायची, डोळे मिटायची, सगळं त्यांच्यासारखंच करायची. नुकत्याच धुऊन पुसलेल्या ग्लासात नाक घालावं तसं व्हायचं. कुणी पाहत नसेल तेव्हा ती तेवढंही करायची नाही. बाळ मांडीवर घेऊन ती भिंतीकडे बघत बसे आणि मनातल्या मनात जेवणाच्या आणि वाइनच्या जोड्या म्हणत राही, पाढे म्हणावे तशा. हाडावरचं, चरबीचं मांस, मंद आचेवर शिजलेलं, त्याला हे. लोणी आणि अळंबी, त्याला ते. जुनं, टणक, खारट चीज. मासा कधीही नाही. तिखट नाही. गोड तर नाहीच नाही. कामावर परत गेली ती या पाढ्यांच्या जोरावर, आणि कुणाला काही कळलं नाही, कारण जेवायला येणारी माणसं वास घेत नाहीत, वास घेणाऱ्याचा चेहरा बघतात.

बाकीच्या वाइन तिच्यापुरत्या आंबट पाणी होऊन गेल्या होत्या. राहिली ती एकच. इटलीच्या उत्तरेकडच्या, धुक्यातल्या टेकड्यांवरच्या नेब्बिओलो नावाच्या द्राक्षाची. दिसायला फिकी, विटकरीकडे झुकणारी. नव्या माणसाला वाटतं, हिच्यात काय दम असणार. आणि घोट घेतला की ती तोंडातलं सगळं ओलं एका झटक्यात ओढून घेते. हिरड्या आवळतात, गाल आतून दातांना चिकटतात, जिभेवर कुणी घोंगडी टाकल्यासारखं होतं. तुरटपणा हा वास नाही आणि धड चवही नाही, तो स्पर्श आहे, आणि स्पर्श तापाने नेला नव्हता. त्या एका वाइनने तिला अजून धरून ठेवलं होतं, अगदी दंडाला बोटं उमटतील इतकं घट्ट. हे तिला शिकवलं मास्तरांनी. ती कामाला लागली तेव्हा ते त्या रेस्टॉरंटात तिच्या आताच्या जागी होते. उकळून उकळून काळा झालेला चहा ते तिच्या तोंडात धरायला लावत. डाळिंबाची साल, कच्च्या केळ्याची साल. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. कुठे धरतंय ते बोट लावून दाखव, हिरडीला की गालाला की जिभेच्या मुळाशी. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मास्तर रुमाल पुढे करायचे, डोळ्यांना नाही, हनुवटीला. एकदा न सांगता त्यांनी आधी माशाचा तुकडा खायला दिला आणि वर ही वाइन. तोंडभर लोखंड झालं, गंजका खिळा चघळल्यासारखं. ती बेसिनकडे धावली तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "आता जन्मात विसरणार नाहीस." विसरली नाही. "या बाईला एकटं सोडायचं नसतं, पोरी," ते त्या वाइनबद्दल म्हणायचे. "पुढ्यात काहीतरी चरबीचं, अंड्याचं, मांसाचं ठेवायचं. काही खायला मिळालं की ती मऊ होते. नाही मिळालं तर तुलाच खाते." आज तेच मास्तर जेवायला येणार होते. मालकीणबाईंनी त्यांच्यासाठी जपून ठेवलेली त्याच वाइनची जुनी बाटली काढायला सांगितली होती, आणि मास्तर येणार म्हणून बाई आठवडाभर नुसत्या फुलून गेल्या होत्या. "तुझे गुरू," त्या म्हणाल्या होत्या, "बघू दे त्यांना, कुणाच्या हातात दिलंय."

पातेल्यातून वाफ येत होती. तिने मुलीच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि मान खाली धरली. "आई, भाजतंय." "थोडंसंच." "आई, खरंच भाजतंय." "बोलू नकोस, नाकाने ओढ." टॉवेलखालचा लहानसा पाठकणा तिच्या तळहाताखाली वर येऊ बघत होता आणि ती तो तेवढ्याच सावकाश खाली दाबत होती. मायेने आणि जोराने, दोन्ही एकाच हाताने. तिला दुसरीच एक दुपार आठवत होती. बटण तेव्हा नुकतीच धड बोलायला लागली होती, बोबडी होती. कामावरून आणलेला, तळाशी वाइन उरलेला ग्लास तिने सिंकशी ठेवला होता, आणि ही स्टुलावर चढून त्यात नाक घालून बसलेली. "फूल," ती म्हणाली होती. "कसलं फूल?" "गुलाबाचं. आणि ते नाही का, रस्ता करतात, काळं काळं, ते." गुलाब आणि डांबर. मोठमोठ्या माणसांना वर्षं लागतात हे दोन वास एका ग्लासात सापडायला. तिने मुलीला उचललं होतं, गच्च आवळलं होतं, इतकं की मुलगी हसता हसता रडायला लागली. तेव्हापासून बिनवासाचा साबण दोघींचा झाला. चॉकलेट बंद, खोकल्याच्या गोळ्या बंद, वासाचे खोडरबर बंद. मैत्रिणीने दिलेलं पेपरमिंट तिने मुलीच्या तोंडात बोट घालून काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या आधी, रेस्टॉरंटच्या मागच्या दाराने, कोठीच्या खोलीत. घोट नाही, थेंब नाही, नुसतं नाक. चुकलं की ती काही बोलायची नाही, ग्लास उचलून पाठ फिरवायची. बरोबर आलं की कुशीत घ्यायची. कुशीत शिरायचा रस्ता नाकातून जातो, एवढं बटणला पक्कं ठाऊक झालं होतं.

वाफेनंतर मिठाचं पाणी झालं. रडून झालं. रस्त्याने चालताना मुलगी हात धरून मुकाट येत होती आणि तोंडाने श्वास घेत होती. ते उघडं तोंड बघून आईला एकाएकी तिचा राग आला. आंधळा, लाज वाटावी असा राग, आपलीच छत्री ऐन वेळी उलटी झाली की येतो तसा. "तोंड मीट," ती म्हणाली. मुलीने मिटलं, काही पावलं तशीच चालली, मग हुंदका दिल्यासारखी हवा घेतली.

कोठीची खोली थंड होती. रेस्टॉरंट उघडायला अवकाश होता, आत फक्त शेफ होता आणि त्याचं मांस पहाटेपासून शिजत होतं. तो दारातून डोकावला, "काय मॅडम, असिस्टंट आली का?" असं म्हणून गेला. बाटली आडवीची उभी तिने कालच केली होती, गाळ खाली बसावा म्हणून. बूच काढलं. ते अर्ध्यापर्यंत काळपट भिजलेलं होतं. तिने ते सवयीने नाकाशी नेलं, जसं माणूस बंद पडलेल्या घड्याळात बघतो. मग वाइन रुंद चंबूत ओतली, तिला दुपारपर्यंत मोकळा श्वास मिळावा म्हणून. त्या रेस्टॉरंटची रीत अशी होती, की तिने हुंगून पसंत केलेल्या चंबूच्या गळ्याला पांढरा रुमाल बांधायचा. रुमाल असला की वाढायचं, नसला की ओतून द्यायचं. मालकीणबाईसुद्धा रुमालावर विचारत नसत. शेजारी दुसरी, नंतरच्या सालची बाटली उभी होती, गरज पडली तर. बटणला तिने उलट्या खोक्यावर बसवलं आणि ग्लास पुढे केला.

मुलीने नाक आत घातलं. ग्लासाच्या काठावरून दोन डोळे वर आले आणि आईच्या तोंडावर स्थिर झाले. ते हुंगणाऱ्याचे डोळे नव्हते. परीक्षेत शेजारच्याच्या पाटीकडे बघावं तसे ते बघत होते, आणि पाटीवर, आईच्या चेहऱ्यावर, सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. "गुलाब," बटण म्हणाली. आई हलली नाही. "आणि डांबर," बटण म्हणाली, आणि घाईघाईने, अजून काहीतरी द्यायला हवं म्हणून, "खूप गुलाब." ग्लासाच्या आत एक थेंब पडला, नाकातला. दोघींनी तो पाहिला. मुलीला काहीच वास येत नाहीये, हे आईला तेव्हाच कळलं होतं. पुढे कधी तिने स्वतःची कितीही समजूत घातली असती, तरी हे खोटं ठरलं नसतं, की तिला त्या क्षणी कळलं होतं. तिने दुसऱ्या ग्लासात घोटभर ओतून तोंडात घेतलं. हिरड्या आवळल्या, गाल चिकटले, सगळं जिथल्या तिथे, ताकदीचं, खणखणीत. बघ, चांगलीच आहे, तिने स्वतःला सांगितलं, इतकी चांगली पकड बिघडलेल्याची असते का? असते. बूच किडलं की वास मरतो, पकड मरत नाही. हेही मास्तरांनीच शिकवलं होतं. तिने थुंकलं, मुलीला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, "शाबास गं माझी बटण," म्हणाली, आणि रुमाल बांधला.

दुपारी टेबलावर मालकीणबाई होत्या, त्यांच्या ओळखीची दोन जोडपी होती, आणि मधोमध मास्तर. म्हातारे झाले होते. नाक मात्र तसंच, लांब, कुणाचं तरी उसनं आणून बसवल्यासारखं. पहिलं आलं ते लोण्यात परतलेल्या अळंबीवर अर्धवट शिजलेलं अंडं. तिने वाढलं आणि बोलायला लागली. तिचं बोलणं लोकांना आवडायचं. बलक फोडा, ती म्हणाली, आणि तोंडात असतानाच घोट घ्या, बघा ती कशी आवरते. एरवी ही भांडखोर आहे, पण अंड्यापुढे हिचं काही चालत नाही. पाहुणे हसले, प्यायले, अहाहा म्हणाले. एक बाई म्हणाल्या, गुलाब येतो ना? येतो, ती म्हणाली, आणि मागून डांबर, उन्हातल्या रस्त्याचं. मास्तरांनी ग्लास एकदा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. तिने ते पाहिलं. मग हाडावरचं मांस आलं, चमच्याने सुटणारं, आणि मास्तर म्हणाले, "याचंही सांग की, पोरी." तिने सांगितलं. चरबी आणि तुरटपणा एकमेकांना कसं धरतात, तोंड कसं पुन्हा कोरं होतं, पुढच्या घासाला कसं पहिल्या घासासारखं लागतं. "हं," मास्तर म्हणाले. "अजून." तिने मिठाचं सांगितलं, जुन्या चीजचं सांगितलं. "माशाचं सांग. यांना मजा वाटेल." तिने माशाचं सांगितलं, गंजक्या खिळ्याचं, बेसिनकडे धावल्याचं. सगळे हसले. त्यांनी तिला सगळं बोलू दिलं, सगळ्यांना पिऊ दिलं, मालकीणबाईंना तिचं कौतुकसुद्धा करू दिलं. मग त्यांनी आपला न प्यायलेला ग्लास तिच्याकडे सरकवला.

"ओला पुठ्ठा," ते म्हणाले. "तळघरात पाणी शिरून कुजलेला. हे तर परवा लागलेल्या पोरालाही कळेल. कधीपासून येत नाही तुला?"

अहाहा म्हणालेल्या पाहुण्यांनी ग्लास ओठांपासून दूर नेले आणि आता त्यांनाही तो वास यायला लागला. खरंच गं, एक बाई म्हणाल्या. मालकीणबाई चंबूच्या गळ्यातल्या रुमालाकडे बघत होत्या. "पण मग इतके दिवस..." त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात आणखी मांस वाढायला आलेला शेफ, बिचारा, बाजू सावरायला म्हणून बोलून गेला, "अहो, आज त्यांच्या असिस्टंटला सर्दी आहे ना." म्हणजे कोण, मास्तरांनी विचारलं. त्याने सांगितलं. मास्तरांचे डोळे हळूहळू उजळले. "बोलवा," ते म्हणाले.

कोठीच्या खोलीतून बटण आली. एवढी माणसं बघून दारातच थबकली, मग आई दिसली म्हणून पुढे आली. मास्तरांनी तिला आपल्या खुर्चीशी उभं केलं, ग्लास तिच्या नाकाखाली धरला आणि फार गोड आवाजात विचारलं, "काय येतंय, बाळ?" मुलीने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर या वेळी काहीच लिहिलेलं नव्हतं. "गुलाब," बटण पुटपुटली, आणि त्या पाठोपाठ शिंकली, सरळ ग्लासात. विटकरी थेंब मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. आणि टेबलच्या टेबल हसत सुटलं, पोट धरून, मोकळं, आता संकोच संपला म्हणून. मास्तरही हसले. आणि आईला आपल्याच घशातून येणारा आवाज ऐकू आला. ती हसत होती. त्यांच्याबरोबर, त्यांच्याहून मोठ्याने, मुलीकडे बोट दाखवून हसत होती, कारण टेबलाच्या त्या बाजूला उभं राहायला दुसरी जागा नव्हती. आई हसतेय बघून बटणही हसली. तिला वाटलं, बरोबर आलं. ती दोन्ही हात पसरून आईकडे धावली, आणि आईने तिला कडेवर न घेता खांद्याला धरून बाजूला उभं केलं.

"तेवढा रुमाल काढून ठेव जाताना," मालकीणबाई म्हणाल्या. तिच्याकडे न बघता, पानातलं नीट करत.

परतताना उन्हं उतरत होती. दोघी चालत होत्या, मधे एका माणसाची जागा सोडून. तिच्या तोंडात अजून सकाळच्या घोटाची पकड होती, गाल दातांना चिकटलेले. काही खाल्लं नव्हतं. "खोटं का बोललीस?" तिने विचारलं. तिला वाटलं होतं तितका आवाज चढला नाही. बटण बुटांकडे बघत चालली. "तुला गुलाब हवा होता," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि मग रडली, आवाज न करता, आणि रडता रडता नाक वाहिलं, बाहीने पुसलं, पुन्हा वाहिलं, आणि पुलाच्या कोपऱ्यावर मुलगी एकदम थांबली. "आई, आलं." "काय आलं?" "नाक." तिने हवा आत ओढली, लांब, दोन्हीकडून. आणि मग ती सांगतच सुटली, पुढे पळत, मागे येत, दोन्ही हातांनी आणून आणून आईच्या पुढ्यात टाकत असल्यासारखी. पावाच्या दुकानातला करपलेला पाव. न्हाव्याच्या दारातला ओला टॉवेल. भिजलेलं कुत्रं, पण ते इथे नाहीये, सकाळी येऊन गेलंय. कुणीतरी गेट रंगवलंय, निळं असेल. आईने काही बोलायला हवं होतं, म्हणून मुलगी जवळ आली आणि माणसांकडे वळली. बाबाला कवळ्यांच्या गुलाबी पावडरचा वास येतो आणि करपलेल्या मेणाचा. आजीला कापूस आणि बडीशेपेचा. त्या म्हाताऱ्या आजोबांना कपाटातल्या कपड्यांचा येत होता. "आणि तुला," तिने आईच्या पोटाशी नाक नेलं, "तुला लोखंडाचा येतो. आधी नव्हता, आज येतोय."

घराचं दार समोर दिसत होतं. वरच्या खिडकीत नवरा वाकून कवळी घासत बसलेला, तोही दिसत होता. ती खाली बसली. मुलीच्या बुटाचा बंद सुटला होता म्हणून बसली, निदान बंद सुटलेला होता खरा. तिच्या तोंडासमोर मुलीचं डोकं आलं, घामाने भिजलेले केस, मधला सरळ भांग. बटणने डोकं अजून खाली केलं, टाळू तिच्या नाकाला लागेल इतकं, आणि वाट बघत राहिली, तिला खोक्यावर बसवून आई वाट बघायची तशी.

"आता तू सांग," बटण म्हणाली. "मला कसला वास येतो?"